होमरमधली विस्कटलेली घडी पुन्हा बसताना कशी वाचावी

ठाण्याच्या नौपाड्यात दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण जमून महाकाव्ये मोठ्याने वाचतो. प्राचीन ग्रीक कवी होमरची ‘इलियड’ (ट्रॉयच्या युद्धाचे काव्य) आणि ‘ओडिसी’ (त्या युद्धानंतर ओडिसिअस या ग्रीक वीराच्या घरी परतण्याचे काव्य) वाचताना ज्या पद्धतीचा आम्हाला सर्वाधिक उपयोग झाला, ती येथे सांगतो. युद्ध कोणी जिंकले, हा प्रश्न मनात धरून वाचायला बसू नये. होमरकडे विस्कटलेली घडी विजयाने बसत नाही. ती प्रेताला घातलेल्या अंघोळीने, एकत्र घेतलेल्या जेवणाने, मोजलेल्या दिवसांनी आणि घेतलेल्या शपथेने बसते. वाचताना पेन्सिलीने खूण करायची ती याच जागांवर.

‘इलियड’चे 24 सर्ग आहेत, त्यांपैकी पहिला आणि शेवटचा एकाच बैठकीत वाचावा. पहिल्यात क्रायसीस हा वृद्ध पुजारी मुलीच्या सुटकेचे मोल घेऊन येतो, ग्रीक सैन्याचा प्रमुख अगामेम्नॉन त्याला हाकलून देतो आणि ग्रीकांच्या छावणीत साथ पसरते. शेवटच्या सर्गात पुन्हा एक वृद्ध बाप असेच मोल घेऊन येतो. हा ट्रॉयचा राजा प्रायम. ज्या हातांनी त्याचा मुलगा हेक्टर मारला, त्याच हातांचे तो चुंबन घेतो, आणि ते हात ज्याचे, तो ग्रीक योद्धा अकिलीस त्याला हाकलत नाही. येथे घाई करू नये. हेक्टरचे प्रेत धुऊन तेल लावण्याचे काम अकिलीस दासींना आडबाजूला करायला सांगतो, कारण मुलाला पाहून बापाचा राग अनावर झाला तर आपलाही तोल जाईल आणि आपण या म्हाताऱ्याला मारून बसू, अशी त्याला स्वतःचीच भीती आहे. मग तो स्वतः प्रेत उचलून ठेवतो, पांढरी मेंढी कापतो, प्रायमला जेवू घालतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अंत्यविधी, अकराव्या दिवशी थडगे, आणि गरजच असेल तर बाराव्या दिवशी युद्ध, असा हिशेब प्रायम सांगतो. सुतकाचे दिवस मोजलेल्या आपल्या वाचकाला यातले धीराचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

याच बैठकीला जोड म्हणून महाभारताचे स्त्रीपर्व ठेवावे: रणभूमीवरचा गांधारीचा विलाप वाचून मग हेक्टरची बायको अँड्रोमाकी, आई हेक्युबा आणि भावजय हेलन यांचे विलाप वाचले, की दोन्हींकडचे दुःख अधिक स्पष्ट ऐकू येते. महाभारत घरी नसेल, तर 1893 पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी.

‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गातल्या शर्यती वेळ कमी असल्यास भराभर वाचाव्यात, मात्र अँटिलोकस आणि मेनेलाउस या दोन ग्रीक वीरांचे बक्षिसाच्या घोडीवरून झालेले भांडण कसे मिटते, तेवढे सोडू नये.

‘ओडिसी’साठी बाविसाव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे सर्ग घ्यावेत. आपली बायको पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणाऱ्यांना ओडिसिअसने मारल्यावर दाई युरिक्लिया स्वच्छ वस्त्र आणू पाहते, पण तो आधी विस्तव आणि गंधक मागून घर धुरावतो. मात्र त्याआधी बारा दासींना फाशी दिलेली असते; ते वाक्य गाळून पुढे जाऊ नये, कारण या घराची घडी कोणाच्या जिवावर बसली, हे तिथेच दिसते. प्राचीन अलेक्झांड्रियातल्या दोन विद्वानांनी हे काव्य तेविसाव्या सर्गातच संपते असे मानले होते, पण मला ते पटत नाही. चोविसाव्यात ओडिसिअस म्हाताऱ्या बापाला आपली ओळख पटवतो ती लहानपणी बापाने दिलेल्या झाडांची मोजदाद करून: 13 नासपतीची, 10 सफरचंदाची, 40 अंजिराची. मग मेलेल्यांचे नातलग शस्त्रे घेऊन येतात, रक्त सांडते, अथीना देवी ओरडून सर्वांना थांबवते आणि दोन्ही बाजूंना शपथ घ्यायला लावते. ही शेवटची पाने गटातल्या सर्वात सावकाश वाचणाऱ्याकडे द्यावीत.