डिझेल पिकअपचा चेक इंजिन लाईट लागलाय? ऑक्सिजन सेन्सर विकत घ्यायच्या आधी हे करा

माझी पिकअप बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) आहे, नारायणगावचा टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला जाते. माझ्या आणि आसपासच्या गाड्यांचे कोड (बिघाडाचे नंबर) मी इतक्यांदा काढलेत की "सेन्सर गेलाय, नवीन टाक" हे ऐकलं की आता डोकंच सरकतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आलं, सायलेन्सरच्या लाईनीत दोनचार सेन्सर आले, पण सल्ले अजून जुन्या पेट्रोल गाड्यांचेच चालू आहेत.

सगळ्यात आधी, कोड पुसू नका. बॅटरीची वायर काढून लाईट घालवायचा उद्योग तर अजिबात नको. कोडसोबत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या क्षणाची नोंद ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, म्हणजे तेव्हा आरपीएम किती होता, लोड किती, इंजिन गरम होतं का थंड, आणि कोड पुसला की हे सगळं जातं. मोबाईलवर फोटो काढा, वहीत लिहा. साधा ब्लूटूथ स्कॅनर कोड आणि लाईव्ह डेटा बघायला पुरतो, पण डीपीएफमध्ये काजळी किती ग्रॅम साठलीय ते बघायला किंवा उभ्या गाडीवर रिजनरेशन (ती काजळी तापवून जाळणं) करायला बहुतेक गाड्यांना मोठा स्कॅनरच लागतो.

दोनतीन कोड एकदम आले असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी वायरिंगचे घ्या. पी ०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो तो) हीटरचं सर्किट, पी २२३७ म्हणजे सेन्सरची एक वायर कुठेतरी तुटली किंवा सुटली. मग हवेचे, पी ०१०१ एअर फ्लो सेन्सर, पी ०२९९ टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणारा) प्रेशर कमी. मग पी ०४०१, ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). आणि पी २००२, पी २४६३ हे डीपीएफचे सगळ्यात शेवटी, कारण डीपीएफ बऱ्याचदा वरच्या कुठल्यातरी बिघाडामुळेच भरतो.

वायरिंगचं काम सोपं आहे. कपलर काढा, पिना हिरव्या पडल्यात का बघा, हीटरचा फ्यूज बघा, वायर सायलेन्सरला टेकून भाजलीय का बघा. पाच वायरचा सेन्सर असेल तर थंड असताना हीटरचा रेझिस्टन्स साधारण ३ ओहमच्या आसपास येतो, मीटरवर काहीच आलं नाही तर हीटर तुटला, मग मात्र सेन्सर बदला. एकच सांगतो, नवीन सेन्सरचा कपलर कापून जुन्याच्या वायरी जोडू नका. या सेन्सरच्या कपलरमध्येच कॅलिब्रेशनचा छोटा रेझिस्टर असतो, तो कापून फेकला की रीडिंग कायमचं चुकणार.

आता खरी अडचणीची जागा. वायरिंग ठीक, हीटर ठीक, तरी कोड सेन्सरच्या नावानेच येतोय. इथे मी स्वतः फसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

लोक सांगतात मीटर लावून बघा, ०.१ ते ०.९ व्होल्ट वरखाली नाचलं पाहिजे. हे जुन्या पेट्रोल गाडीचं आहे. डिझेलला वाईडबँड (मोठ्या पट्ट्यात मोजणारा) सेन्सर असतो, तो तसा नाचत नाही, आणि डिझेल इंजिन कायम जास्तीच्या हवेवरच चालतं. दुसरी गंमत स्कॅनरची, साध्या स्कॅनरवर लॅम्बडाचा (हवा डिझेलच्या गरजेच्या किती पट आहे तो) आकडा २ च्या पुढे जातच नाही, आणि स्लोवर चालणाऱ्या डिझेलचा खरा लॅम्बडा २ च्या बराच वर असतो, म्हणून स्क्रीनवर १.९९ चिकटून बसतो आणि लोक म्हणतात सेन्सर अडकला. अडकला नाही, मोजपट्टी संपली. शक्यतो ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा स्कॅनर घ्या.

ईसीयू हा कोड कसा देतो ते कळलं की अर्धं काम होतं. आत किती हवा आली ते एअर फ्लो सेन्सर सांगतो, डिझेल किती मारलं ते ईसीयूला माहीत असतं, त्यावरून धुरात किती ऑक्सिजन उरायला हवा याचा हिशोब तो करतो आणि ऑक्सिजन सेन्सर सांगतो त्याच्याशी ताडून बघतो. जुळलं नाही की नाव सेन्सरचं लागतं. पण खोटं तिघांपैकी कुणीही बोलत असेल.

तर सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायची माझी एकच पद्धत आहे, उतारावरची. गाडी पूर्ण गरम करा, शेजारी कुणाला तरी स्कॅनर घेऊन बसवा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. मी माळशेज उतरताना करतो, कुठलाही लांब उतार चालेल. गाडी तिसऱ्या गिअरला ठेवा, ॲक्सिलेटरवरून पाय पूर्ण काढा, क्लच दाबू नका. आता इंजिनला डिझेल बंद होतं, सायलेन्सरमधून नुसती हवा जाते, आणि हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. दोनतीन सेकंदात स्क्रीनवर २१ च्या जवळ आकडा आला पाहिजे. इथे ईजीआर उघडा असला, सायलेन्सरला गळती असली तरी फरक पडत नाही, कारण आतबाहेर सगळीकडे हवाच आहे, म्हणून मला ही टेस्ट आवडते. आकडा १७-१८ वरच राहिला किंवा रांगत रांगत वर गेला, तर सेन्सर काजळीने भरलाय किंवा म्हातारा झालाय, बदला. पटकन २१ ला गेला तर सेन्सर चांगला आहे, त्याला हात लावू नका.

मग चढावर उलटं करा. तिसऱ्या गिअरला १५०० आरपीएमपासून पूर्ण रेस द्या. लॅम्बडा साधारण १.२ ते १.५ मध्ये यायला हवा. १ च्या जवळ गेला आणि मागे काळा धूर निघाला तर इंजिनला हवा कमी पडतेय, मोजलेली हवा वाटेत कुठेतरी निसटतेय. आणि ऑक्सिजन हिशोबापेक्षा जास्त दिसत असेल तर एअर फ्लो सेन्सर घाणीने कमी मोजत असेल, नाहीतर सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या लाईनीत कुठेतरी गळती असेल. रिजनरेशन चालू असताना यातलं काही करू नका, तेव्हा जास्तीचं डिझेल मारलं जातं, आकडे वेगळेच येतात.

माझ्या गाडीला सेन्सर बदलून तिसऱ्या दिवशी तोच कोड परत आला होता. गॅरेजवाल्याने सांगितलं, मी पैसे दिले. शेवटी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा) वरच्या होज पाईपला क्लिपच्या खालून बोटभर चीर निघाली. नुसतं बघून दिसत नव्हती. पाईप अंगठ्याने वाकवला तेव्हा तोंड उघडलं, आणि त्या कडेने तेलात भिजलेल्या काळ्या धुळीची बारीक रेघ होती. ती रेघ शोधा. टर्बोपासून इनटेकपर्यंत प्रत्येक पाईप वाकवून बघा, क्लिपा सैल करून बघा.

ईजीआरचं थोडक्यात, काढा, कार्बन साफ करा, नवीन गॅस्केट टाकून बसवा.

डीपीएफच्या कोडला आधी प्रेशर सेन्सरच्या दोन रबरी नळ्या बघा, त्या तडकतात, वितळतात. चावी ऑन, इंजिन बंद असताना प्रेशरचा फरक शून्याच्या आसपास दिसला पाहिजे, नाही दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. काजळी खरंच जास्त असेल तर वरचं कारण मिटवूनच रिजनरेशन करा, आणि त्याआधी ऑइलची डिपस्टिक काढा. अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल मॅक्सच्या वर गेली असेल तर आधी ऑइल बदला, नाहीतर बेअरिंग जातील. उभ्या गाडीवर करताना खाली पाचट, कडबा, वाळलेलं गवत काही नको, आतलं तापमान ६०० अंशांपर्यंत जातं. मोकळ्या कोरड्या जमिनीवर करा आणि लांब उभे राहा.

"डीपीएफ काढून टाक, मॅप मार" (म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदल) असं कुणी म्हटलं तर करू नका. बेकायदेशीर तर आहेच, पण पहाटे मार्केटमध्ये आपल्या सायलेन्सरच्या मागे हमाल पाठीवर क्रेट घेऊन उभे असतात, तो धूर त्यांच्या छातीत जातो. मी माझ्या गाडीला ते करणार नाही आणि दुसऱ्याच्याही गाडीला करून देणार नाही.

धूर साफ करायला युरियाची टाकी असलेल्या गाडीला पी २०ईई (ती सफाई नीट होत नाही) आला तर आधी युरिया तपासा. ३२.५ टक्क्यांचा तयार सीलबंद डबाच वापरा, शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतला तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात.

दुरुस्ती झाली की आता कोड पुसा. दोनतीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, एक फेरी भरलेल्या मालाची असू द्या, मग लाईट नसला तरी स्कॅनर लावून पेंडिंग कोड (लाईट लागायच्या आधी नोंदलेला) बघा. तिथे तोच नंबर दिसला तर परत पाईपांपासून सुरुवात करा, आणि उतारावरचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघायला लागतो.