४४०००१ चे मूळ अवयव पाडताना या चुका टाळा

नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नववीच्या पोरांना मी पहिल्याच दिवशी हीच संख्या देते. पत्त्यात हजारदा लिहिलेली असते, पण तिच्या पोटात काय आहे हे कोणी पाहिलेलं नसतं.

पहिली चूक अर्ध्या मिनिटात होते. "मॅडम, शेवटी १ आहे न, मूळच असेल." शेवटच्या अंकावरून फक्त २ आणि ५ चं कळतं. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज करा: ४+४+०+०+०+१ = ९. म्हणजे ९ ने भाग जातो आणि भागाकार येतो ४८८८९.

बरीच पोरं इथेच पेन ठेवतात. ४८८८९ मूळ आहे की नाही, हे कोण बघणार? काही जण उलट ४४०००१ चं वर्गमूळ धरून ६६३ पर्यंत भागत सुटतात. वर्गमूळ आता ४८८८९ चं घ्यायचं, ते २२१ च्या जरासं पुढे आहे. २, ३, ५ पाहताक्षणी बाद होतात. राहिल्या ७ ते २११ मधल्या ४४ मूळ संख्या. ५१ किंवा ९१ ने भागण्यात वेळ घालवू नका, त्या मूळ नाहीतच.

खरा घात पुढे होतो. ७ × ६९८४ = ४८८८८. ९७ × ५०४ सुद्धा ४८८८८. दोन्हीकडे बाकी फक्त १, आणि थकलेल्या डोळ्यांना ती शून्य वाटते. म्हणून मी प्रत्येक भागाकाराची बाकी वहीत लिहायला लावते. नुसतं "जात नाही" मला चालत नाही. ४४ च्या ४४ वेळा बाकी उरते, म्हणजे ४८८८९ मूळ आहे.

आता विभाजक मोजा. ३ × ३ × ४८८८९, तीन अवयव, म्हणून २ × २ × २ = ८ असं उत्तर हमखास येतं. पण दोन्ही ३ सारखेच आहेत. ३ एकदाही न घेणं, एकदा घेणं, दोनदा घेणं, असे तीन पर्याय. ४८८८९ चे दोन. एकूण ६: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१.



शेवटची चूक माझ्या फार जिव्हाळ्याची. "३ ने भाग जातो, मग ही दोन वर्गांची बेरीज असूच शकत नाही." गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये मांडलेला आणि पुढे गणितज्ञ ऑयलरने सिद्ध केलेला नियम अर्धवट ऐकला की असं होतं. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारी मूळ संख्या सम वेळा आली तर अडचण नसते. इथे ३ दोनदा आहे, आणि ४८८८९ ला ४ ने भागलं तर बाकी १. मग शोधा: ४८८८९ मधून २२१ चा वर्ग वजा करा, मग २२० चा, असं उतरत जा. चौदाव्या वजाबाकीला, २०८ वर, ५६२५ उरतात, म्हणजे ७५ चा वर्ग. २०८ आणि ७५ ला ३ ने गुणा. ६२४ चा वर्ग ३,८९,३७६, २२५ चा वर्ग ५०,६२५. ही बेरीज पोरं दोनदा करून बघतात.