वर्तुळाबाहेर असूनही बॉसचा मार बसतो? माझा अनुभव (मेली, म्हणजे बॉसच्या जवळ जाऊन लढणारे)

'फायनल फँटसी १४' या ऑनलाइन गेममध्ये मी सामुराई खेळतो; मालवणहून, मोबाईलच्या नेटवर. आठ जणांच्या बॉस फाइटमध्ये केशरी वर्तुळातून बाहेर पडूनही मार बसायचा आणि मी आडवा. जीव अगदी विटला होता. ग्राफिक्स कमी केले, व्हीपीएन लावलं, वायफाय सोडून केबल जोडली. काही फरक नाही.

बहुतेक हल्ल्यांत फटका कोणाला लागणार हे बॉसची कास्ट पट्टी (हल्ल्याची तयारी दाखवणारी पट्टी) भरते तेव्हाच सर्व्हर ठरवतो. अॅनिमेशन नंतर दिसतं. त्यात तुमची जागा सर्व्हरला उशिरा कळते, आमच्याकडे पावसाळ्यात तर फारच.

आधी बॉसला फोकस टार्गेट करा, म्हणजे त्याची कास्ट पट्टी पडद्यावर वेगळी दिसत राहते. मग एचयूडी लेआउटमध्ये (पडद्यावरच्या पट्ट्या-खिडक्या हलवायची सेटिंग) ती पट्टी मोठी करून पात्राशेजारी आणा. खरा फरक इथेच पडला. उभं राहायचं ते टार्गेट रिंगच्या (बॉसच्या पायाभोवतीचं कडं) बाहेरच्या कडेला, मेलीचा पल्ला ३ यालमांचा (यालम हे गेममधलं अंतराचं माप) असतो. पट्टी भरण्याच्या थोडं आधी केशरी वर्तुळाबाहेर पडा, भरली की लगेच आत या, स्फोट अजून दिसत असला तरी. काही वार बॉसच्या बाजूने किंवा पाठीमागून केले तर बोनस मिळतो; ती जागा गाठता येणार नसेल तर ट्रू नॉर्थ ही क्षमता दाबा, १० सेकंद कुठूनही पूर्ण बोनस मिळतो. जमिनीवर काही जळत राहिलं असेल तर मात्र आत शिरू नका.