मुमताजसाडी नेसायची नाही, शिवायची

लग्नसराई आली की माझ्या मशीनपुढं एखादी मुलगी मोबाईल धरून उभी राहतेच. "काकू, संगीतला अशी नेसवून द्या." मोबाईलात १९६८ चा 'ब्रह्मचारी', शम्मी कपूरबरोबर नाचणारी केशरी साडीतली मुमताज. मी म्हणते, बाळ, ती नेसलेली नाहीच. चेन लावून शिवलेली आहे, म्हणून तर एवढं नाचूनही सुटत नाही.

ही युक्ती वेशभूषाकार भानू अथय्यांची. आमच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता कपड्यांकडं वळल्या आणि 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. तरी 'भानूसाडी' कुणी मागत नाही. नाव हिरॉइनचं झालं.

आता माझी पद्धत सांगते. जॉर्जेट किंवा शिफॉन घ्या, साडेपाच मीटर, काठ दीड-दोन इंचांचा. साधी साडी असेल तर लेस लावा. पैठणी आणू नका, तीन थरांत कंबर पिंपासारखी दिसते. आणि साडी कापावी लागते, तेव्हा आजीची आठवण वगैरे असेल तर ती कपाटातच राहू दे.

आधी फिशकट परकर, म्हणजे गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली मोकळा, अंगाबरोबर बसवा. सीटचं, म्हणजे नितंबांभोवतीचं माप उभ्यानं घेऊ नका, बसवून घ्या. पहिल्या वेळी मी उभ्यानं घेतलं आणि भाचीला रिक्षात बसताच येईना. हॉलपर्यंत ती अर्धी उभी, वाकून आली. तेव्हापासून बसल्या मापावर आणखी दीड इंच सोडते.

मुलीला परकर घालून उभं करा, पायात त्या दिवशीच्याच चपला. निऱ्या नाहीत. उजवीकडून डावीकडं पहिला वेढा घोट्यापर्यंत, दुसरा त्याच्यावर पाच इंच उचलून, तिसरा आणखी पाच इंच वर. प्रत्येक वेढ्याचा काठ खालच्याच्या वर दिसला पाहिजे, सगळी गंमत तिथंच आहे. अडतीस इंच सीटला तीन वेढ्यांत तीन मीटर जातात, उरलेले अडीच पाठीवरून फिरून पदराला. कंबरेवर आलेलं जादा कापड टाचण्या लावून खुणा करून मगच कापा.

डाव्या कुशीवर खडूनं उभी रेघ मारा. तिन्ही वेढे त्या रेघेवर कापायचे आणि टोकं परकराच्या शिवणीत धरायची. शेवटचा, पदराकडं जाणारा तुकडा मागच्या बाजूच्या शिवणीतून निघतो, तो तसाच अखंड ठेवा. कंबरेपासून खाली नऊ इंच चेन, वर एक हूक. चेन कंबरेजवळच संपवली तर सीटवरून साडी चढत नाही. गुडघ्याखाली शिवण उघडी ठेवा, नाहीतर पाऊल पडणार नाही.

मशीनची टीप मारण्याआधी सगळं कच्च्या धावदोऱ्यानं जोडून मुलीला घाला. माझ्याकडं आठ पायऱ्या आहेत, त्या दोनदा चढायला लावते. मग पाटावर बसवते. मग मोबाईलवर तेच गाणं लावून पूर्ण नाचायला सांगते. धागा जिथं तुटेल तिथं अर्धा इंच सोडायचा, आणि पुन्हा नाच.