टुरिस्ट सिटी पास घेताय? आधी या चुका टाळा

'शंभरहून जास्त ठिकाणं, एकच पास, निम्म्या किमतीत' अशी जाहिरात वाचली की बहुतेकांचं डोकं तिथेच हिशेब थांबवतं. विमानाचं तिकीट निघालं, हॉटेल ठरलं, की तिसऱ्या नंबरला पास. मग त्या पासात काय काय आहे ते बघून सहल आखायची. आधी कळस, मग पाया! पास वाईट नसतो. काही शहरांत तो डोळे झाकून घ्यावा इतका चांगला असतो. पण आधी तुमची यादी तयार हवी, ठिकाणं, वार आणि वेळेसकट. ती नसेल तर पास स्वस्त की महाग हे कुणीच सांगू शकत नाही.

नावावर जाऊ नका

'सिटी पास', 'सिटी कार्ड', 'वेलकम कार्ड' ही नावं एका माळेची वाटतात, पण आत चार वेगवेगळे प्रकार असतात. पहिला दिवसांचा पास: ठरलेल्या दिवसांत कितीही ठिकाणं पाहा. दुसरा संख्येचा पास: तीन, चार किंवा पाच ठिकाणं, पण बरेच दिवस चालणारा. तिसरा ठरलेल्या ठिकाणांचा गठ्ठा. चौथा म्हणजे बस-मेट्रोचा पास आणि वर प्रेक्षणीय स्थळांवर थोडी सूट. सगळ्यात जास्त फसगत या चौथ्यात होते.

व्हिएन्नाचं उदाहरण घ्या. 'व्हिएन्ना सिटी कार्ड' म्हणजे शहरातला प्रवास आणि राजवाडे-संग्रहालयांच्या तिकिटावर सवलत. प्रवेश फुकट देणारा 'व्हिएन्ना पास' वेगळा. सिटी कार्ड घेऊन शॉनब्रुन राजवाड्याच्या तिकीटखिडकीवर उभं राहायचं आणि 'आमच्याकडे पास आहे' म्हणायचं, हा प्रकार टाळायचा असेल तर पासाच्या पानावर एकच शब्द शोधा: 'मोफत प्रवेश' की 'सवलत'. दोन्ही असतील तर कुठल्या ठिकाणी काय, ते एकेक करून पाहा.

रोमचा 'रोमा पास' आणखी मजेशीर आहे. ७२ तासांच्या पासात पहिली दोन ठिकाणं मोफत, ४८ तासांच्या पासात पहिलं एकच. पुढे फक्त सवलत. म्हणजे इथे क्रमाला किंमत आहे. वाटेत दिसलं म्हणून एखाद्या छोट्या, स्वस्त संग्रहालयात आधी शिरलात, तर मोफतची एक संधी तिथेच गेली. महागडं ठिकाण आधी. कलोसियम, रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्र असतं आणि ते एकच ठिकाण धरलं जातं, त्यामुळे पहिला मान त्याचा.

जाहिरातीतली बेरीज तुमची नसते

या चुकीवर थोडं जास्त लिहावं लागेल, कारण हिशेबी माणसंही इथेच घसरतात.

समजा दोन दिवसांचा पास १२० ला आहे. चलन कोणतंही धरा. पासाच्या पानावर यादी आहे: राजवाडा २५, संग्रहालय २२, मनोरा ३०, बोटीची फेरी १८, उघड्या टपाची बस ३५, मेणाचे पुतळे ३०, मत्स्यालय २८. बेरीज १८८. बचत ६८! लगेच कार्ड काढलं जातं.

आता तीच यादी पास नावाची वस्तू जगात नाही असं समजून वाचा. स्वतःच्या खिशातून ३० देऊन मेणाचे पुतळे पाहिले असते का? मत्स्यालय? मेट्रो आणि पाय असताना ३५ ची बस? नसेल तर तिन्ही खोडा. उरले ९५. म्हणजे ६८ वाचले नाहीत, २५ जास्त गेले. शिवाय न आवडणाऱ्या तीन ठिकाणी अर्धा-पाऊण दिवस गेला तो वेगळा. फुकट ते पौष्टिक ही म्हण पासाच्या बाबतीत लागू नाही, कारण इथे फुकट काहीच नसतं. पैसे आधीच देऊन झालेले असतात.

उरलेल्या ९५ लाही अजून कात्री लागते. प्रत्येक ठिकाणाचा दर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. पासवाल्यांनी छापलेला 'मूळ दर' हा बहुधा खिडकीवरचा सगळ्यात महाग दर असतो. ऑनलाइन तिकीट, संध्याकाळचं तिकीट, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक अशा सवलती त्यात धरलेल्या नसतात. जी ठिकाणं मुळातच मोफत आहेत, ती तर हिशेबात घेऊच नका. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, नॅचरल हिस्ट्री म्युझियम यांच्या कायम दालनांना तिकीटच नाही. ज्याला लंडनमध्ये मुख्यतः संग्रहालयंच पाहायची आहेत, त्याने पास कशासाठी घ्यायचा?

इतकं करून आलेली बेरीज पासाच्या किमतीपेक्षा निदान २० टक्क्यांनी जास्त भरली तरच पास घ्या. वरच्या उदाहरणात १४४. हे काही शास्त्र नाही, सवय आहे. पाऊस येतो, पाय बोलायला लागतात, एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद निघतं. यादीतलं एक ठिकाण सुटणारच, असं धरूनच चालायचं. जेमतेम बरोबरी होत असेल तर प्रत्येक ठिकाणाची सुटी तिकिटं घ्या. निदान दुपारी झोपावंसं वाटलं तर झोपता येतं.

दिवसाला किती ठिकाणं होतात याचाही स्वप्नाळूपणा सोडा. साडेनऊ ते साडेपाच हे आठ तास. मोठ्या संग्रहालयाला अडीच ते तीन तास, सुरक्षा तपासणीला २० ते ४० मिनिटं, एका जागेहून दुसरीकडे जायला अर्धा-पाऊण तास, जेवायला तास. दोन मोठी आणि एक लहान, एवढंच बसतं. 'आम्ही पाच करू' म्हणणारे पाच दरवाजांचे फोटो घेऊन येतात.

घड्याळ कधी सुरू होतं, आणि कोणत्या वारी?

दिवसांचा पास दोन तऱ्हेने मोजला जातो. काही तासांवर चालतात: पहिल्यांदा स्कॅन झाल्यापासून ४८ तास. काही कॅलेंडरच्या तारखेवर. 'लंडन पास' तारखेवर चालतो; दुपारी ४ ला पहिलं ठिकाण स्कॅन केलं की तो अख्खा दिवस खर्ची पडला, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या तासभर आधी थांबतो. तारखेचा पास सकाळीच सुरू करावा. तासांचा पास दुपारी सुरू केलेला चालतो, उलट कधी कधी तेच शहाणपणाचं ठरतं: दोन रात्री मधे आल्या तरी तीन वेगवेगळ्या तारखा हाताला लागतात.

पण वार पाहिले नाहीत तर हे शहाणपणही वाया जातं. पॅरिसमध्ये हे नेमकं कसं घडतं ते पाहा. आई-वडील आणि ११ व १५ वर्षांची दोन मुलं, असं चौघांचं कुटुंब. सोमवारी सकाळी पोहोचतात, सामान टाकतात आणि चौघांसाठी ४८ तासांचे चार 'पॅरिस म्युझियम पास' घेतात. दुपारी ३ ला आर्क द त्रिओंफ या विजयकमानीवर पहिला स्कॅन. घड्याळ सुरू. आता ऑर्से संग्रहालय? सोमवारी बंद. व्हर्सायचा राजवाडा? तोही सोमवारी बंद. बरं, उद्या सकाळी लूव्र संग्रहालय. मंगळवारी लूव्र बंद, ऑरांजरी संग्रहालयही बंद. मग सगळे व्हर्सायकडे निघतात, आणि तिथे गर्दी उसळलेली, कारण लूव्र बंद म्हणून बाकीचं पॅरिसही तिकडेच वळलेलं. त्यात राजवाड्यासाठी पासधारकांनाही वेळेचा स्लॉट आधी घ्यावा लागतो, आणि तो घेतलेला नसतो. संध्याकाळी धावतपळत ऑर्से उरकायचं. बुधवारी लूव्र उघडं असतं, पण सकाळचे स्लॉट संपलेले. मिळतो तो संध्याकाळी ५ चा. पास दुपारी ३ ला संपलेला.

आणि मुलांचे पास? लूव्र, ऑर्से, व्हर्सायचा राजवाडा, आर्क द त्रिओंफ, सगळीकडे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफतच आहे. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवला की झालं. त्या पासाला मुलांचा वेगळा दर नाही तो याच कारणाने. दोन पासांचे पैसे शुद्ध पाण्यात.

हेच कुटुंब मंगळवारी दुपारी घड्याळ सुरू करतं आणि बुधवार-गुरुवारचे स्लॉट आधी घेऊन ठेवतं, तर दोनच पासांत सगळं बसतं: मंगळवारी दुपारी ऑर्से, बुधवारी लूव्र (त्या दिवशी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं), गुरुवारी सकाळी व्हर्साय. फरक फक्त कागदावर वार लिहिण्याचा. प्रत्येक ठिकाणासमोर 'बंदचा वार' हा एक रकाना करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण घाईत असलेल्यांना तेवढाच कंटाळा येतो. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. आणि त्या रविवारी ती मोफत असतात, म्हणजे गर्दी ओघाने आलीच.

'रांगेतून सुटका' म्हणजे कुठल्या रांगेतून?

मोठ्या ठिकाणी तीन रांगा असतात: तिकिटाची, सुरक्षा तपासणीची आणि ठरलेल्या वेळेच्या प्रवेशाची. पास फक्त पहिलीतून सोडवतो. तपासणीतून कुणालाच सुटका नाही. आणि ज्या ठिकाणी स्लॉट सक्तीचा आहे तिथे नुसता पास दाखवून उपयोग नाही. लूव्र, व्हर्साय, कलोसियम ही त्यातली ठळक नावं.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी त्या ठिकाणाच्या संकेतस्थळावर स्लॉटचं कॅलेंडर उघडा. तिथे 'पासधारक' असा वेगळा पर्याय असतो, तो निवडा. साध्या तिकिटाचे स्लॉट शिल्लक दिसले म्हणजे पासधारकांचेही आहेत असं नाही. हवी ती वेळ दिसत असेल तरच पास विकत घ्या आणि त्याच बैठकीत स्लॉट नोंदवा. पास आज, स्लॉट पुढच्या आठवड्यात असं करू नका. काही ठिकाणी स्लॉटसाठी पासाचा क्रमांक लागतो. तिथेही आधी कॅलेंडर नुसतं पाहून घेता येतं.

आणि तुम्हाला जे पाहायचंच आहे ते पासात आहे ना? शहरातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण नेमकं बाहेर असतं, असा अनुभव वारंवार येतो. पॅरिस म्युझियम पासात आयफेल टॉवर नाही. रोमा पासात व्हॅटिकन नाही. 'आय ॲमस्टरडॅम' कार्डात ॲन फ्रँकचं घर नाही. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची सुटतात. न्यूयॉर्कच्या पासातल्या बोटीच्या फेरीने स्वातंत्र्यदेवतेच्या बेटावर जाता येतं, पण मुकुटापर्यंत चढायचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

बाकीच्या चुका, पटापट

जुना हिशेब वापरणं. दर बदलले की सगळं गणित उलटतं. जपानच्या सात दिवसांच्या रेल्वे पासाची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. तोक्यो-क्योतो जाऊन येणं हा त्याआधीचा 'पास घ्याच' वाला सल्ला त्या दिवशी बाद झाला, तरी अजून फिरतोय.

प्रवास धरलेला आहे असं गृहीत धरणं. असला तरी विमानतळाची गाडी बहुतेकदा नसते. रोमा पासावर विमानतळाची 'लिओनार्दो एक्सप्रेस' चालत नाही.

दिवस जितके जास्त तितका पास स्वस्त, असं वाटणं. दिवसाचा दर उतरतो हे खरं, पण तिसऱ्या दिवशी पाहायला काही उरलंय का?

एक पास दोघांत वापरायचा बेत. नावावर असतो, स्कॅन होतो, आणि दारात लाज जाते.

क्यूआर कोड फक्त मेलमध्ये ठेवणं. फोनमध्ये चित्र जतन करा, एक प्रत सोबतच्या माणसाकडे द्या.

घरातल्या सगळ्यांना सारखाच पास. आजी-आजोबांना दिवसाला एकच ठिकाण झेपणार असेल तर त्यांना सुटी तिकिटं घ्या, तरुणांना पास.

पास जिथे खरंच परवडतो अशा शहरांची खूण सोपी आहे: ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, प्रवेश खरोखर मोफत, आणि शहरातला प्रवास त्यातच. साल्झबुर्गचं कार्ड या तिन्हीत बसतं. तिथेही प्रत्येक ठिकाणी प्रवेश एकदाच मिळतो, त्यामुळे सकाळी धुकं असेल तर किल्ल्यावर दुपारनंतरच चढा.