दुर्बिणीचं गोटू अचूक, तरी फोटोत तारे लांबतात: ध्रुव न दिसता पोलर अलाइनमेंट (माझा अनुभव)

इंदूरच्या गच्चीवर ध्रुव जेमतेम २२.७ अंश वर, तोही शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. गोटू (दुर्बीण आपोआप ताऱ्यावर नेणारी सोय) तारा बरोबर गाठायचं, पण मिनिटभराच्या फोटोत ताऱ्यांच्या रेघोट्या. मोबाइलचं होकायंत्र लोखंडाजवळ भरकटतं. तीन ताऱ्यांचं अलाइनमेंट (गोटूला तीन तारे दाखवून दिशा शिकवणं) पुन्हा केलं की गोटू सुधारतं, पण दुर्बीण ज्याभोवती फिरते तो बैठकीचा अक्ष तिथेच राहतो; तो ध्रुवाकडे रोखणं म्हणजेच पोलर अलाइनमेंट. जाम वैताग.

जमलं ते ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारायचा. तिपाई समतल, अक्षांशाचा काटा २२.७ वर, क्रॉसहेअरचा (मधे फुलीच्या रेघा असलेला) आयपीस. नळी किंचित ध्रुवाच्या दिशेने न्या. नवे तारे ज्या कडेने आत येतात ती उत्तर. हे आधी पक्कं करा, नाहीतर पुढचं सगळं उलटं.

मग दक्षिणोत्तर रेषेवरचा, खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेलं वर्तुळ) तारा. ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवत ठेवणारी मोटर) चालू ठेवून पाचेक मिनिटं बघा. पूर्व-पश्चिम हालचाल सोडून द्या, तो गिअरचा खेळ. तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळलाय: बाजूचे स्क्रू फिरवून पश्चिमेला आणा. उत्तरेला सरकला तर उलट.

नंतर पूर्वेकडचा, विषुववृत्ताजवळचाच, २०-३० अंश वरचा तारा. दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उंचीच्या बोल्टने उचला. उत्तरेला सरकला तर उतरवा. पहिला तारा परत तपासा. शेवटी गोटूचं अलाइनमेंट नव्याने करा, जुनं आता बाद.