बाहेरच्या गिलाव्याला बीड: कोणती घ्यावी, कशी बसवावी

घराच्या बाहेरच्या भिंतीचा सगळ्यात आधी उडतो तो कोपरा. सांगलीकडे ऊस भरलेली ट्रॉली बोळात वळली की कुणाच्या तरी बंगल्याची धार गेलीच म्हणून समजा. धातूची बीड, म्हणजे गिलाव्याच्या कडेला बसणारी, पुढे धारेचे नाक आणि बाजूला जाळीचे पंख असलेली पट्टी, बसवली तर धार टिकते आणि सरळही येते. मात्र ती निवडताना आधी गावचा पाऊस बघा, दर नंतर विचारा.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर आटपाडी-जतकडे सहाशेच्या आतच. कोरड्या भागात चांगला जस्ताचा मुलामा असलेली जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) बीड चालून जाते. पाचगणी, जावळी, पाटणच्या घाटमाथ्याकडे मात्र भिंत महिनोन्‌महिने ओली राहते. तिथे ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील घ्या. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी शिरलेल्या गल्ल्यांतही निदान जोत्याजवळच्या बीडसाठी स्टेनलेसच घ्यावे. साधी ॲल्युमिनियमची पट्टी स्वस्तात मिळते, पण ओले सिमेंट ॲल्युमिनियमला खाते. ती नकोच.

कोपऱ्याला कॉर्नर बीड, गिलावा जिथे संपतो तिथे स्टॉप बीड, जोत्याच्या वर आणि खिडकीच्या माथ्यावर बाहेर झुकणारी ड्रिप बीड. ड्रिप बीडमुळे पाणी भिंतीवरून न ओघळता बाहेर टपकते. जोत्याची ड्रिप बीड जमिनीपासून किमान सहा इंच वर हवी, नाहीतर शिंतोड्यांनी गिलावा खालून ओल धरतो. इमारतीला एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठी मुद्दाम सोडलेली फट) असेल तर त्याच्यावरून गिलावा सलग ओढू नका. तिथली बीड वेगळी मिळते. स्टॉप बीडची खोली गिलाव्याच्या जाडीइतकीच घ्या: दोन थरांचा २० मिलिमीटरचा गिलावा, तर बीडही २० चीच.

आता बसवणे. आरसीसी कॉलमला टाचे मारा (पृष्ठभाग टोचून खडबडीत करा), कॉलम आणि विटांच्या सांध्यावर जाळी ठोका, भिंत झाडून भिजवा. बीड पत्रा-कात्रीने कापा आणि जीआय असेल तर कापलेल्या टोकाला झिंकचा रंग लावा. गंज तिथूनच सुरू होतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन फुटांवर सिमेंट-वाळूच्या मालाचे गोळे थापा आणि बीड त्यात दाबा, म्हणजे जाळीच्या छिद्रांतून माल वर येईल. लवकर आवळावी म्हणून गवंडी पीओपी लावायला बघतात. घराबाहेर ते चालत नाही: जिप्सम ओल धरते आणि बीड गंजते. खिळे लागलेच तर बीडच्याच धातूचे हवेत. स्टेनलेसला जीआयचा खिळा मारला तर ओलीत तो आधी सडतो.

यानंतरचे काम घाईने करू नका. ओळंबा दोन्ही अंगांनी लावा, मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणून मधली बीड त्या रेषेत आणा. पुढे गिलाव्याची पट्टी याच बीडवरून फिरणार, त्यामुळे इथला बाक अख्ख्या भिंतीवर दिसतो. पूर्ण लांबीचा तुकडा खालून चढवा, जोड वर जाऊ द्या, कारण धक्के खालीच बसतात. जोडाची टोके एकमेकांवर चढवू नका; बीडच्या पोकळ नाकात तारेचा छोटा तुकडा घालून ती समोरासमोर आणा. मग रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी आधी बीडच्या पंखांमागे माल दाबून भरा. पोकळी राहिली तर तिथे पाणी साचते. पहिला थर साधारण १२ मिलिमीटरचा, तो खरवडून ठेवा. तो आवळला की वरचा थर बीडच्या नाकाबरोबर ओढा. नाकावर लोखंडी थापी घासू देऊ नका, जस्त निघते. लागलेला माल ओला असतानाच फडक्याने पुसा. किमान सात दिवस पाणी मारा. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळ्यात गोणपाट टांगलेले बरे.